साडेचार एकर, सामाईक विहीर आणि पोर्टलवरच्या योजना

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातून एका तरुणाचा प्रश्न आला आहे. वडिलांच्या नावावर साडेचार एकर. त्यात एक एकर ऊस, बाकी सोयाबीन, तूर, थोडा हरभरा. विहीर एकच, तीही चुलत्यांबरोबर सामाईक. पुण्यातली नोकरी सोडून ते गावी आले आहेत आणि शेती नव्या पद्धतीने करायची म्हणतात. ठिबक, ट्रॅक्टर, ड्रोन, सौरपंप, एआय, सगळ्याला सरकार पैसे देतं असं ऐकलं आहे. नेमकं कशाला किती मिळतं आणि सुरुवात कुठून करायची? शिवाय गावातला एकजण ‘फाईल करून देतो’ म्हणून पाच हजार मागतोय, ते द्यावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. देऊ नका. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान योजनांच्या अर्जाचं पोर्टल, त्यावर अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे. मोबाईल हाताळता येणाऱ्या माणसाला तो अर्ज स्वतः भरता येतो, नाहीतर सीएससी केंद्रावर शे-दीडशेत काम होतं. पाच हजार घेणारा माणूस तुमचा नंबर पुढे सरकवू शकत नाही. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून ‘जो आधी अर्ज करील त्याला आधी’ असा नियम झाला आहे. नंबर लवकर लागला तर तो लवकर अर्ज केल्यामुळे, त्याच्या ओळखीमुळे नाही.

मी कृषी खात्यात एकोणतीस वर्षं काढली, बहुतेक मराठवाड्यात. ठिबकच्या हजारो नाही, पण शेकडो मोका तपासण्या, म्हणजे शेतात जाऊन बसवलेल्या संचाची पाहणी, केल्या. त्या अनुभवावरून सांगतो: अनुदानाची यादी उघडून त्यातून काय घ्यावं हे ठरवायला बसलात, तर निम्म्या वेळा चुकाल. आधी विहिरीकडे जा.

घरात दोनशे लिटरचं पिंप असेलच. मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा, पंप सुरू करून ते पिंप भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग पंप न खंडता किती वेळ चालतो आणि विहीर पुन्हा भरायला किती तास घेते, तेही लिहून ठेवा. हे तीन आकडे कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत. का, ते तुमच्याच उसावर दाखवतो. पाच फुटी सरी धरली तर एकरात साधारण २,७०० मीटर इनलाइन नळी (थेंब सोडणारे ड्रिपर आतच बसवलेली) लागते. त्यावर ४० सेंटिमीटरला एक असे ताशी चार लिटरचे ड्रिपर धरले, तर ते होतात पावणेसात हजारांच्या आसपास. सगळे एकदम चालवायचे तर ताशी २७ हजार लिटर पाणी पाहिजे, म्हणजे पिंप २७ सेकंदांत भरलं पाहिजे. तुमचं पिंप मे महिन्यात मिनिटभर घेत असेल, तर पंप तासाला १२ हजार लिटरच देतोय. त्याच एकराचे तीन भाग करून तीन व्हॉल्व बसवावे लागतील, किंवा दोन लिटरचा ड्रिपर घेऊन दोन भाग करावे लागतील. आणि पंप दिवसाला चाळीस मिनिटांतच बसत असेल, तर आठ हजार लिटरवर दहा-बारा गुंठ्यांपलीकडे ऊस धड जगणार नाही, कारण उन्हाळ्यात उसाला एकरी रोज २५ ते ३० हजार लिटर लागतं. अशा विहिरीवर ठिबक टाकून ऊस वाचत नाही. ऊस कमी करूनच ठिबकचा फायदा होतो. हे पटायला जड जातं, मलाही लोकांना सांगायला जड जायचं.

विहिरीचं गणित जमलं, तर माझ्या मते तुमच्यासाठी पहिली योजना ठिबकचीच. महाराष्ट्रात सूक्ष्म सिंचनाला १९८६-८७ पासून अनुदान आहे, म्हणजे खात्याला यातलं कळतं आणि दुकानदारालाही कळतं (दोन्ही गोष्टी चांगल्याच असतात असं नाही). केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के मिळतात. त्यावर राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के घालतं, म्हणजे एकूण ८० आणि ७५ टक्के. तुमचं क्षेत्र पाच एकरांच्या आत असल्यामुळे तुमचे वडील ८० टक्क्यांत बसतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दरवर्षी लोक यावरच भांडतात. ८० टक्के तुमच्या बिलाचे नसतात, सरकारने ठरवलेल्या मापदंडाचे असतात. समजा तुमच्या क्षेत्राला आणि लॅटरलच्या (पिकाच्या ओळीतल्या नळीच्या) अंतराला मापदंड एक लाखाचा आहे आणि दुकानदाराने बिल केलं एक लाख चाळीस हजारांचं. अनुदान येईल ८० हजार, खिशातून जातील ६० हजार. म्हणजे तुमच्या हिशोबाने ५७ टक्के. म्हणून कोटेशन हातात आलं की मापदंडाची रक्कम शेजारी लिहा आणि मगच घासाघीस करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात दिसतोय का ते बघा.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी अर्ज, मग निवड, मग कागद अपलोड, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर ते बाद. माझ्या मंडळात एका गृहस्थांनी लग्नसराईत पैसे खर्च होऊन जातील म्हणून घाईने संच घेतला, संमती पंधरा दिवसांनी आली. संच चांगला, बिल खरं, शेतात ऊस उभा, तरी मला ते प्रकरण नामंजूर करावं लागलं. ते आजही भेटले की तोंड फिरवतात, आणि त्यांची चूक आहे असंही मला वाटत नाही.

बिल अपलोड झालं की मोका तपासणी होते. कृषी सहायक शेतात येऊन जागेसह फोटो घेतात. (त्यांचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालं आहे, गावात अजून जुनंच चालतं.) त्यानंतर पैसे खात्यावर येतात. कधी येतात? निधी असला तर दोन-तीन महिन्यांत, नसला तर वर्षही लागतं. केंद्राच्या योजनेतला केंद्राचा हिस्सा, त्यातलाच राज्याचा हिस्सा आणि राज्याने वर घातलेलं पूरक अनुदान, तिन्ही वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात. म्हणून अनुदानाच्या भरवशावर व्याजाने पैसे काढू नका. सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या व्याजात वर्षभरात अनुदानाचा मोठा भाग वितळतो. पीक कर्जाचा पैसा इकडे वळवू नका, पेरणीच्या वेळी हात बांधले जातील.

यावरचा गावोगावचा ‘तोडगा’ तुम्हाला सांगितला जाईलच: तुमचा हिस्सा तेवढा भरा, बाकीचं अनुदान आलं की आम्ही घेतो. काही विक्रेते हे सरळपणे करतात. पण पैसे वर्षभर अडकणार हे माहीत असलेला माणूस कुठेतरी हात आखडतो. तो हात आखडतो फिल्टरवर. उघड्या विहिरीत शेवाळ असतं, तिथे वाळूचा फिल्टर पाहिजे. मिळतो लहानसा जाळीचा. व्हेंच्युरी, म्हणजे ठिबकमधून खत सोडायचं साधन, कागदावर असते, शेतात नसते. प्रेशर गेज तर मी क्वचितच पाहिलं. नळीवर आयएसआयची खूण आहे का बघा, इनलाइनसाठी मानक आहे आयएस १३४८८. आणि फिल्टरसाठी पदरचे चार पैसे जास्त गेले तरी घालवा. तिसऱ्या वर्षी बांधावर गुंडाळून टाकलेली काळ्या नळ्यांची भेंडोळी तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या बहुतेक नळ्या उंदरांनी नाही, क्षारांनी आणि शेवाळाने मारलेल्या असतात. आठवड्याला शेवटची टोपणं उघडून नळ्या धुवायच्या, आणि बोअरचं जड पाणी असेल तर हंगामात एक-दोनदा ॲसिड प्रक्रिया करायची. कुठल्याच योजनेत या कामाला अनुदान नाही, त्यामुळे ते कुणी सांगतही नाही. एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा मिळत नाही, त्यामुळे हा संच तेवढा टिकवायचा आहे.

कागदावरच्या ठिबकबद्दलही एक शब्द. फोटोपुरता संच अंथरायचा, मग तो दुसऱ्याच्या शेतात जायचा, हे मी पाहिलं आहे आणि त्याच्या वसुल्याही पाहिल्या आहेत. त्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्या घरातल्या अडचणी. जमीन वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे अर्जदार तुम्ही नाही, वडील. शेतकरी ओळख क्रमांक त्यांचा पाहिजे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो सक्तीचा आहे. यात सर्वात जास्त अडतं ते नावापाशी. आधारवर ज्ञानेश्वर, सातबाऱ्यावर ज्ञानोबा. माणूस एकच, यंत्रणेला दोन. हे आधीच जुळवून घ्या, तलाठ्याकडे फेऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मारायला लागू नयेत. तसंच अनुदान वडिलांनी अर्जात दिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. कुठल्यातरी जुन्या, विसरलेल्या खात्याला आधार जोडलेलं असतं, पैसे तिथे पडून असतात आणि माणूस आमच्या कार्यालयात येऊन ‘माझे पैसे खाल्ले’ म्हणून ओरडतो. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय एवढं विचारून या.

विहीर सामाईक आहे, तर सातबाऱ्यावर तिची नोंद आहे का ते पाहा आणि चुलत्यांचं संमतीपत्र घ्या. ते द्यायला का-कू करत असतील तर त्यांच्या बाजूनेही विचार करा: तुम्ही ठिबक केलंत म्हणजे तुमचा पंप रोज चालणार, पाळी मोडणार, अशी त्यांना भीती असते. पाळीचे दिवस सोडून पाळीचे तास ठरवून घेतलेत की हा प्रश्न बहुधा सुटतो. त्यांनीही ठिबक केलं तर उत्तमच, एक फिल्टर दोघांत बसतो. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत, ऊस नोंदवला आहे ना, तेही बघून घ्या.

विजेची एक तिरपी अडचण आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून सरकार भरतंय. त्यामुळे पंपाला ऑटो स्टार्टर लावून झोपण्याची सवय गावाला लागली आहे. वीज आली की पंप चालू, गेली की बंद. ठिबकचा सगळा मुद्दा पिकाला मोजून पाणी देण्याचा, आणि ऑटो स्टार्टर मोजत नाही. ठिबक बसवाल त्या दिवशी तो काढून टाका, किंवा निदान त्याला टायमर जोडा.

सौरपंप तुम्हाला मिळेल का? ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. तुम्ही पाचमध्ये बसता. पण ही योजना वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे, तुमच्या विहिरीवर जोडणी आहे. तेव्हा सोडून द्या. मिळालाच असता तर दिवसा पाणी देता आलं असतं, रात्री सापकिरडातून जावं लागलं नसतं, तेवढं खरं.

ट्रॅक्टर घेऊ नका. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के म्हणतात, पण वरची मर्यादा सव्वा लाख; इतरांना ४० टक्के आणि एक लाख. सात-आठ लाखांच्या ट्रॅक्टरवर सव्वा लाख म्हणजे पन्नास टक्के नव्हेत, सोळा ते अठरा टक्के झाले. त्याहून मोठं कारण तासांचं आहे. ट्रॅक्टर परवडायला वर्षाला सात-आठशे तास तरी चालावा लागतो. तुमच्या साडेचार एकरांत नांगरट, रोटा, पेरणी, कोळपणी, वाहतूक सगळं धरून साठ-सत्तर तास होतील. उरलेले तास भाड्याने मारायला तुम्हाला दुसऱ्यांच्या शेतात राहावं लागेल. तो वेगळा धंदा आहे, चांगलाही आहे, पण मग तो धंदा म्हणून करा.

त्याऐवजी भाड्याचा ट्रॅक्टर आणि त्यामागे रुंद सरी वरंब्याचं पेरणी यंत्र, म्हणजे बीबीएफ. सोयाबीनवाल्याने यावर आधी विचार करावा असं माझं ठाम मत आहे, आणि ठिबकपेक्षा यात पैसा फार कमी जातो. चार ओळींचा वाफा आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस जास्त झाला की सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला की सरीत मुरलेला ओलावा कामी येतो. सपाट पेरणीत एकरी तीस किलो बियाणं जातं, यात बावीसच्या आसपास भागतं. सोयाबीनच्या थैलीचा भाव तुम्हाला माहीत आहे, हिशोब तुम्हीच करा. अडचण एकच, चालकाला ते जुळवता आलं पाहिजे. पहिल्या दोन तासांत चालकाशेजारी चालत जाऊन दर दहा फुटांवर माती उकरून बी किती खोल पडलंय ते बघा. दोन इंचांच्या खाली गेलं तर उगवण मारते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने यावर बरंच काम केलं आहे, तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा यंत्र चालताना पाहून या.

ड्रोनबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत मिळतात. देशभरात १५ हजार गटांचं उद्दिष्ट होतं. वैयक्तिक शेतकऱ्यालाही यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अनुदान आहे. तरीही तुम्ही घेऊ नका, बोलवा. एका बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटंच उडतो, म्हणजे बॅटऱ्यांचे चार-पाच संच, चार्जिंगला जनरेटर, न्यायला गाडी आणि परवानाधारक चालक एवढा लवाजमा लागतो. उसाच्या एका एकरासाठी हा बारदाना पोसणं शक्य नाही.

पण बोलवायचा केव्हा हे सांगतो: तुरीला. नोव्हेंबरात तूर फुलात आणि शेंगेत असते, डोक्याएवढी वाढलेली असते, आणि शेंगा पोखरणारी अळी नेमकी तेव्हाच येते. त्या रानात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे औषध स्वतःच्या तोंडावर मारून घेणं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. आम्ही खात्यातल्या लोकांनी ते वर्ष विसरलेलं नाही. ड्रोन एकराला आठ-दहा लिटर पाण्यात आठ-दहा मिनिटांत फवारून मोकळा होतो. म्हणजे द्रावण फार तीव्र असतं, तेव्हा वारा जोरात असताना उडवू देऊ नका, शेजारच्या शेतात भाजी किंवा रेशीमवाल्याची तुती असेल तर अजिबात नाही. तुतीवर थोडासा अंश गेला तरी अळ्यांची बॅच मरते. आणि पानांच्या खालच्या बाजूला बसणाऱ्या किडीवर ड्रोनकडून फारशी अपेक्षा ठेवू नका.

एआयचं म्हणाल, तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर झालेलं काम खरं आहे, मी जाऊन पाहिलं आहे. हवामान केंद्र, जमिनीतले ओलाव्याचे सेन्सर, उपग्रहाची चित्रं, आणि त्यावरून आज पाणी किती, खत किती याचा सल्ला. राज्याने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणही मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद ठेवून. पण तो सल्ला पाळायला शेतात ठिबक आणि व्हॉल्व लागतातच. पाटाने पाणी देणाऱ्याला ‘आज आठ मिलिमीटर द्या’ असा निरोप आला तर तो काय करणार? तेव्हा हे तुमच्यासाठी तिसऱ्या वर्षाचं काम. तोपर्यंत टाचेने माती दाबून वाफसा बघा.

गट करून औजारे बँक, म्हणजे सामाईक यंत्रं घेऊन ती भाड्याने द्यायची सोय, काढायचा विचार तुमच्या मनात असावा, कारण असे नोकरी सोडून आलेले तरुण तोच प्रश्न पुढे विचारतात. गटाला आणि शेतकरी कंपनीला अनुदानाचे दर चांगले आहेत, आणि कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याजसवलतही मिळते. ज्या औजारे बँका बसल्या त्या पैशाअभावी बसल्या नाहीत. यंत्रं अध्यक्षांच्या वाड्यात लागली, पहिली पेरणी अध्यक्षांची, दुसरी त्यांच्या मेहुण्याची, आणि मृग निघून गेल्यावर सभासदांची पाळी. यंत्र दुरुस्तीला गेलं की वर्गणी कुणी काढेना. ज्या चालल्या, तिथे मी तीन गोष्टी पाहिल्या: पगारी चालक, सभासदालाही भाडं, आणि कुठलं यंत्र कुठे किती तास चाललं याची देवळाच्या भिंतीवर लावलेली वही. आधी भाड्याच्या बीबीएफवर पाच-सहा घरांची एकत्र पेरणी करून बघा. एक हंगाम भांडण न होता निघाला, तर पुढचं बोलू.

तुमचं गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोक ज्याला पोकरा म्हणतात त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने तो चालू आहे आणि त्याची अर्जाची वाट वेगळी आहे. एकाच गोष्टीचा लाभ दोन योजनांतून घेता येत नाही, त्यामुळे महाडीबीटीवर अर्ज टाकण्याआधी हे समजलेलं बरं.

मला पिंप भरायचे सेकंद, पंप चालण्याची मिनिटं आणि विहिरीच्या पाण्याची क्षारता कळवा. पाण्याची बाटली माती परीक्षण प्रयोगशाळेत दिली की क्षारता कळते. चुलत्यांचं क्षेत्र किती आणि त्यात पीक कुठलं, तेही लिहा. मग एका विहिरीवर दोन्ही घरांचे व्हॉल्व कुठे पडतील याचा आराखडा काढू.